तळाचे नाणे

एवारिस्तो मॉन्तेरेहून आला तो फेब्रुवारीतल्या कांदेलारियाच्या सणाच्या आदल्या दिवशी. येताना त्याने आईसाठी लोकरीची शाल आणली, बहिणीसाठी सुगंधी साबणांचा डबा आणला आणि आईची खानावळ बंद करण्याचा विचार आणला. पहिल्या दोन गोष्टी त्याने आल्याबरोबर काढून दिल्या. तिसरी मात्र त्याने सणाच्या सकाळी, न्याहारीच्या वेळी काढली, आणि तीही स्वयंपाकघरात, चुलीसमोर. तिथे बोलायला नको होते हे आम्पारोला कळत होते, पण दादाला थांबवणे तिला लहानपणापासून कधी जमले नव्हते.

"शब्द तुझाच होता, आई," तो म्हणाला. "डिसेंबरात फोनवर तूच म्हणालीस, आणखी एक पातेलं बिघडलं तर मी चावी काढून देते. मी काही नवीन सांगत नाहीये."

त्याची आई, दोन्या एर्मेलिंदा, सणाच्या तमालेंसाठी मक्याच्या पिठात चरबी फेसत होती. तिचा हात कोपरापर्यंत पांढरा झाला होता. तिने मुलाच्या तोंडाकडे नीट पाहिले, मग पिठाचा एक गोळा पाण्याच्या पेल्यात सोडला. गोळा वर तरंगला.

"झालं," ती म्हणाली. "पीठ हलकं झालं. तू काय म्हणत होतास?"

"तो चावीबद्दल बोलतोय, आई," आम्पारो जरा मोठ्याने म्हणाली.

"चावी खिळ्याला आहे. शब्द माझ्या लक्षात आहे. पानं भिजली का बघ."

आम्पारो पिठाचे गोळे गुंडाळण्यासाठी भिजत घातलेली कणसाची पाने पाहायला गेली. तिच्या डाव्या मनगटावर डिसेंबरातल्या त्या दिवसाची खूण अजून गुलाबी होती. त्या दिवशी मोठे पातेले तळापर्यंत कोरडे पडले, तमालेंची पाने आतल्या आत पेटली, आणि झाकण उचलताच निघालेल्या ज्वाळेने खिडकीचा पडदा धरला. शेजारच्या बेकरीतल्या लोकांनी बादल्या आणल्या म्हणून निभावले. सर्वांनी त्याला अपघात म्हटले. एवारिस्तो त्याला वय म्हणत होता. आम्पारोने त्याला काहीच नाव दिले नव्हते, कारण खरे कारण तिला ठाऊक होते आणि ते फक्त आपल्यालाच ठाऊक आहे अशी तिची समजूत होती.

या घराण्यात तमाले वाफवताना पातेल्याच्या तळाशी, जाळीखालच्या पाण्यात, एक तांब्याचे नाणे टाकतात. पाणी उकळत असते तोवर ते तळावर नाचते, खडखडते. पाणी संपले की गप्प होते. नाणे आजीच्या वेळचे होते, त्यावरचा गरुड झिजून कोंबडीसारखा दिसू लागला होता. दोन्या एर्मेलिंदा त्या आवाजाच्या भरवशावर दुसऱ्या चुलीवर मोलेचा दाट रस्सा ढवळत असे, दारात भाजीवाल्याशी घासाघीस करत असे, झोपाळ्यावर डोळा लावत असे. डिसेंबरात नाणे गप्प झाले तेव्हा ती चुलीपासून हाताच्या अंतरावर बसून मिरच्यांचे देठ काढत होती. तिला आधी आवाज ऐकू आला नव्हता आणि मग शांतताही ऐकू आली नव्हती.

तेव्हापासून आम्पारो आईचे कान झाली होती. भाजीवाला भाव सांगे, तो ती पुन्हा मोठ्याने म्हणे. गिऱ्हाईक पाठीमागून हाक मारे, तेव्हा ती आईच्या दंडाला स्पर्श करी. आईने कधी आभार मानले नाहीत, आणि ते मानले नाहीत याचेच आम्पारोला बरे वाटे. खानावळ बंद झाली तर दोघींना मॉन्तेरेला जावे लागणार होते, सहाव्या मजल्यावर, जिथे विजेची शेगडी होती आणि खालच्या मजल्यावर कोण राहते हे एवारिस्तोलाही ठाऊक नव्हते. आई तिथे हिवाळा काढणार नाही असे तिला वाटे. स्वतःबद्दल ती विचार करत नसे, किंवा करे तो आईच्या नावाने.

"तिथं तुम्हाला कसली ददात पडणार नाही," एवारिस्तो आता तिच्या मागे येऊन म्हणाला. "तुझ्या हाताकडे बघ. पुढच्या वेळी हात गेला तर?"

"पुढच्या वेळेची तूच वाट बघतोयस."

"मी वाट बघतोय? आम्पारो, मी तिथे फोन वाजला की दचकतो."

"मग फोन बंद ठेव. आम्ही तसेही वाजवत नाही, तूच वाजवतोस. दर रविवारी, आम्ही चर्चमधून आल्यावर, पाय मोकळे करायच्या आत."

"तुझा नवरा निघून गेला तेव्हा कोणी बोलावलं होतं तुला माझ्याकडे? मीच ना? तेव्हाही तू हेच—"

"चुलीसमोर नाही," असा खडा आवाज दारातून आला.

दोन्या तोमासा वाळलेल्या पानांची जुडी काखेत मारून उभी होती. ती आम्पारोची धर्ममाता, म्हणून आईची कोमाद्रे, म्हणजे मानलेली बहीण, आणि त्या नात्याने या घरात कोणालाही रागावण्याचा अधिकार तिला होता. "तमाले लावायच्या दिवशी भांडता? कच्चे राहतील सगळे. अख्खी आळी संध्याकाळी ताटं घेऊन येणार आहे."

"काकू, तमाले कच्चे राहतात ते वाफ कमी पडली की," एवारिस्तो म्हणाला.

"आणि वाफ का कमी पडते?" तोमासाने विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता पानांच्या पट्ट्या फाडून पातेल्याच्या दोन्ही कानांना गाठी मारल्या, बाहेरच्या गोष्टी पातेल्याला ऐकू जाऊ नयेत म्हणून.

दुपारी मोठे पातेले चढले. मोलेचे तमाले, मिरचीच्या फोडींचे, आणि मुलांसाठी बेदाणे घातलेले गुलाबी गोड, सगळे तोंड वर करून उभे रचले. जानेवारीत तीन राजांच्या सणाला कापलेल्या गोल पावात ज्यांच्या ज्यांच्या वाट्याला मातीची बाहुली आली, त्यांनी कांदेलारियाला इतरांना तमाले खाऊ घालायचे, आणि अनाल्को वस्तीतल्या त्या गल्लीत घरी तमाले करण्याची हिंमत कोणात नव्हती, कारण खाणारे तोंडावर म्हणत, "छान आहेत, पण दोन्या एर्मेलिंदाचे नाहीत." त्यामुळे दर वर्षी बाहुली सापडणारे सगळे याच दारात येत. या वर्षी कुलूपवाल्या दॉन एलेउतेरियोवर संशय होता की त्याने आपली बाहुली गिळून टाकली. तो छातीवर हात ठेवून नाही म्हणत होता आणि त्याची बायको काही बोलत नव्हती.

चर्चच्या घंटा झाल्या तशी दोन्या एर्मेलिंदाने केस विंचरले, नवा पांढरा झगा घातलेली बाळ येशूची मूर्ती परातीत ठेवली आणि मिरवणुकीला जायला परात छातीशी धरली. दारात थांबून ती घरातल्यांकडे वळली. घरात तेव्हा एवारिस्तो होता, आम्पारो होती, आणि सोकोर्रो होती, त्यांच्या धाकट्या भावाची, लिनोची, विधवा, जी नवरा गेल्यावरही माहेरी न जाता इथेच राहिली आणि खानावळीत वाढपाचे काम करू लागली.

"मी येईपर्यंत पातेल्याला कोणी हात लावायचा नाही," ती म्हणाली. "पाणी बेताचं घातलंय. पुरेल."

तिघांनीही माना हलवल्या.

आम्पारोला सोकोर्रोची काळजी वाटत होती. सकाळपासून ती अंगणात एवारिस्तोशी हळू आवाजात बोलत होती. आम्पारो जवळ गेली की दोघे लिंबाच्या झाडाविषयी बोलू लागत. त्या झाडाविषयी इतके बोलण्यासारखे काही नव्हते. सोकोर्रो तरुण होती, शिवण छान करी, एखाद्या मोठ्या शहरात जावेसे तिला वाटले तर नवल नव्हते. ती दादाच्या बाजूला गेली तर आपण एकट्या पडू, हा हिशेब आम्पारो टेबलांवर चादरी अंथरता अंथरता करत होती.

चादरी झाल्यावर ती स्वयंपाकघरात डोकावली. पातेल्यातून थोडी वाफ येत होती. तिने कान दिला. नाणे गप्प होते.

आईने पाणी बेताचे घातले होते. आईला बेताचे म्हणजे किती हे आता तरी नीट कळत होते का? तिने मागे पाहिले, कोणी नव्हते. माठातून मोठा तांब्या भरून तिने झाकण किलकिले केले, आणि कडेने, तमालेंवर थेंब पडू नये अशा बेताने, पाणी खाली सोडले. मग झाकण लावून ती थांबली नाही. बाहेर फुलवाला ओरडत होता.

दारातच सोकोर्रो आत येताना भेटली.

"काही हवंय का, ताई?"

"नाही. तुला?"

"मीठ," सोकोर्रो म्हणाली, जरी मिठाची बरणी टेबलावर होती.

थोड्या वेळाने आम्पारोने पाहिले तर एवारिस्तो स्वयंपाकघरातून बाहेर येत होता. त्याच्या सदऱ्याची उजवी बाही मनगटापर्यंत ओली होती. "पाणी प्यायलो," तो न विचारता म्हणाला. दादाला पाणी प्यायला बाही भिजवावी लागते हे तिला नवीन होते, पण मिरवणूक गल्लीच्या तोंडाशी आली होती आणि तिला विचार करायला सवड झाली नाही.

आई आली ती चेहऱ्यावर उन्हाची लाली घेऊन. परात कपाटावर ठेवून तिने शाल काढली आणि नेहमीप्रमाणे स्टूल ओढून चुलीजवळ बसली. लांब दांड्याचा लाकडी डाव तिने पातेल्याच्या झाकणावर उभा टेकवला, दांड्यावर हनुवटी ठेवली आणि डोळे मिटले. जानेवारीपासून ती अशी बसू लागली होती. एवारिस्तोने आम्पारोकडे पाहिले. बघ, असे त्याच्या नजरेत होते, पण त्यात जिंकल्याचा आनंद नव्हता, थकवा होता.

दोन्या एर्मेलिंदाने डोळे उघडले.

"हे मेलंय," ती म्हणाली.

तिने झाकण उचलले. वाफ आली ती लंगडी, कोमट. तिने वरच्या रांगेतला एक तमाल सोडला. पीठ पानाला चिकटून आले, पांढरे, कच्चे. मग तिने हात खाली घातला, खालच्या रांगेपर्यंत, आणि तो बाहेर काढला तेव्हा तिच्या बोटांवरून पातळ पीठ ओघळत होते. जाळी पाण्याखाली गेली होती. खालचे तमाले ओल्या कपड्यांसारखे लोंबत होते.

बाहेर अंगणात ताटे, डबे, झाकणाच्या टोपल्या घेऊन आळीतली माणसे जमू लागली होती आणि तिथला हसण्याचा आवाज आत येत होता.

"सकाळचं भांडण," दोन्या तोमासा दारातून म्हणाली. "मी सांगितलं होतं. आता रीत आहे ती करा. ज्याच्या पोटात जे आहे ते पातेल्यासमोर बोला, मग नाचा, मग शिजेल."

"काकू, प्लीज," एवारिस्तो म्हणाला.

"तू शिकलेला आहेस, तू शेवटी बोल."

दोन्या एर्मेलिंदा मुलांकडे आळीपाळीने बघत होती, प्रत्येकाच्या ओठांकडे. मग तिने हात पुसले, खिळ्यावरची चावी काढली आणि टेबलावर ठेवली. चावीचा टेबलावर आवाज झाला तो तिच्याखेरीज सगळ्यांना ऐकू आला.

"एक पातेलं बिघडलं," ती म्हणाली. "शब्द म्हणजे शब्द."

"नाही," आम्पारो म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला. "आई, मी पाणी घातलं. नाणं वाजत नव्हतं. मला वाटलं, पाणी संपलं. एक तांब्या घातला मी."

"एक तांब्याने जाळी बुडत नाही," आई म्हणाली.

सोकोर्रो भिंतीला टेकून उभी होती. तिने पदराशी चाळा केल्यासारखा एप्रनचा कोपरा पिळला. "एक माझा," ती म्हणाली. "मी आले तेव्हाही वाजत नव्हतं. आम्पारोताईंना कळू नये म्हणून पटकन ओतला."

"मला का कळू नये?"

"कारण मग तुम्ही विचारलं असतं, का ऐकत होतीस म्हणून. आणि मला सांगावं लागलं असतं की आईंना ऐकू येत नाही." ती आईकडे वळली आणि सावकाश, ओठ नीट हलवून म्हणाली, "मला ईस्टरपासून माहीत आहे, आई. मला वाटलं, ताईंना माहीत नाही. त्यांना कळलं तर त्या दादांना सांगतील, आणि दादा बंद करतील."

"मी सांगीन?" आम्पारो म्हणाली. "मला वाटलं, तू सांगशील. सकाळपासून त्याच्याशी कुजबुजत होतीस."

"मी त्यांना म्हणत होते, एक वर्ष थांबा. एवढंच. सकाळपासून एवढंच म्हणतेय."

"खरंय," एवारिस्तो म्हणाला. "डोकं खाल्लं तिने माझं."

मग सगळ्यांच्या नजरा त्याच्या ओल्या बाहीवर गेल्या. तो बहिणीपेक्षा मोठा होता, कारखान्यात त्याच्या हाताखाली माणसे होती, आणि तरी त्या क्षणी आम्पारोला तो शाळेच्या पायरीवर पाटी लपवून उभा असलेला दिसला.

"बादली," तो म्हणाला.

"काय?"

"तांब्या सापडला नाही. बादलीने ओतलं. अर्धी असेल." त्याने घसा साफ केला. "मी आलो तेव्हा ते गप्प होतं. मी म्हटलं, आता जळणार. आणि मला... म्हणजे जळलं असतं तर माझंच म्हणणं खरं झालं असतं. पण मला बघवेना."

दोन्या तोमासाला सर्वांत आधी उमगले. ती कपाळावर हात मारून खाली बसली. "अगं बायांनो. गार पाणी ओतल्यावर उकळी बसली. उकळी बसली की नाणं वाजायचं कसं? एकीने ओतलं म्हणून ते गप्प, गप्प म्हणून दुसरीने ओतलं..."

"म्हणून मी बादली," एवारिस्तोने वाक्य पुरे केले.

"पण पहिल्यांदा ते गप्प का झालं होतं?" आम्पारोने विचारले.

आईला प्रश्न दिसला होता. "लाकूड बदलायची वेळ झाली होती," ती म्हणाली. "जाळ उतरला होता. दोन ओंडके सारायचे होते, बस." ती थांबली. "ते सांगून जायला हवं होतं. तुम्ही हात लावणार नाही असं धरून चालले, ही माझी चूक."

आणि मग ती हसू लागली. आधी आवाज न करता, खांदे हलवत, मग तोंड उघडून. गेल्या वर्षभरात आई हसताना आपल्या हसण्याचा अंदाज न येऊन मध्येच थांबत असे. या वेळी ती थांबली नाही. "दोघींनाही माहीत होतं," ती म्हणाली. "आणि मी एक वर्ष मान हलवत बसले. भाजीवाल्याने मेंढी विकली असती तरी मी मान हलवली असती."

"आई, डिसेंबरात..." एवारिस्तो म्हणाला.

"डिसेंबरातलं मीच जाळलं. मला कळलंच नाही. त्या रात्री मी खूप रडले, हे तुला फोनवर कोण सांगणार?" तिने डाव उचलला. "मग हे सापडलं. इथे टेकवायचं, इथे हनुवटी. नाणं नाचतं ते दातांत येतं. तुम्हाला वाटलं, म्हातारी पेंगते."

"मलाही तेच वाटलं," आम्पारो कबूल झाली.

"वाटू दे म्हटलं. पेंगणाऱ्या बाईला कोणी डॉक्टरकडे नेत नाही."

अंगणातून दॉन एलेउतेरियोचा आवाज आला. "दोन्या एर्मेलिंदा, बाहुली मला आली नव्हती, पण भूक आली आहे."

त्या आवाजाने सगळे भानावर आले. दोन्या एर्मेलिंदाने चावीकडे पाहिलेही नाही. तिने हुकूम सोडायला सुरुवात केली, आणि हुकूम सोडताना ती नेहमीच जरा उंच होई. वरच्या रांगा परातीत उतरवल्या. जाळीखालचे पाणी सोकोर्रोने उपसले, नाणे दिसेपर्यंत. खालच्या रांगांची पाने आम्पारोने सोडली. त्यातले गोड बाजूला काढून कुत्र्यांसाठी ठेवले, आणि तिखटांचे विरघळलेले पीठ कोंबडीच्या रश्श्यात कालवले. त्यात मक्याचे कोवळे दाणे आणि वाटलेली हिरवी मिरची पडली आणि बघता बघता चिलेआतोले तयार झाले, दाट, हिरवे, जीभ चटकन जागी करणारे. एवारिस्तोने बाह्या सारून ओंडके सारले आणि जाळ पुन्हा पातेल्याच्या बुडाला लागला.

"अजून नाचायचं राहिलंय," दोन्या तोमासा म्हणाली.

"काकू, कारण सापडलं ना."

"कारण सापडलं म्हणून रीत मोडायची? भांडलात ते भांडलातच."

मग पातेल्यासमोर आम्पारो आणि एवारिस्तो नाचले, हात धरून, अवघडून, एकमेकांच्या पायांकडे बघत. "नवऱ्याचं बोललो ते..." तो हळूच म्हणाला. "पाय बघ," ती म्हणाली, "माझ्यावर पडशील." तोमासा टाळ्यांनी ठेका देत होती. खिडकीतून आळी बघत होती. कोणीतरी शीळ घातली, बेकरीवाल्याने आपली माणसे बोलावली, आणि रांगेत उभे राहण्याऐवजी लोकांनी खानावळीतल्या खुर्च्या अंगणात काढल्या. सोकोर्रो कपांत चिलेआतोले वाढत फिरू लागली. तमालेंना वेळ लागेल असे कळले तरी कोणी कुरकुर केली नाही. दॉन एलेउतेरियोने दुसरा कप मागितला तेव्हा त्याच्या बायकोने सर्वांदेखत सांगून टाकले की बाहुली त्याने गिळली नव्हती, अंगरख्याच्या खिशात शिवून टाकली होती. आणि त्या गदारोळात पुढच्या वर्षीचे तमाले त्याच्या नावावर लागले.

पुढच्या वर्षीचे. आम्पारोच्या कानाला तो शब्द लागला. तिने स्वयंपाकघरात येऊन टेबलाकडे पाहिले. चावी तिथे नव्हती. ती खिळ्यावर परत गेली होती. खिळ्याखाली चुलीपाशी तिचा भाऊ उभा होता, आणि त्याच्या हाताला काजळी होती.

"मंगळवारी कानाच्या डॉक्टरकडे," तो आईला सांगत होता, शब्द सुटे करत. "मी घेऊन जाईन. त्याआधी मी परत जात नाही."

"मला यंत्र घालायला सांगेल."

"मग घालशील."

"आणि भाजीवाल्याचं खरं ऐकावं लागेल."

"लागेल."

दोन्या एर्मेलिंदाने विचार केला. "मंगळवारी बाजार असतो," ती म्हणाली. "बुधवारी."

"बुधवारी," तो म्हणाला.

पातेल्यातून आता दाट वाफ येत होती, पानांचा आणि मोलेचा वास घेऊन. आम्पारोला नाण्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता, घाईघाईचा, खेळकर. तिने तांब्या माठावर पालथा घातला. एवारिस्तोने इकडेतिकडे पाहिले, कोणी बघत नाही अशी खात्री करून घेतल्यासारखे, स्टुलावर बसला, डाव झाकणावर उभा केला आणि त्याच्या दांड्यावर हनुवटी टेकवली. त्याने डोळे मिटले. त्याच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून सुटत गेल्या.

"आलं?" आईने विचारले.

त्याने डोळे न उघडता मान हलवली. तो तसाच बसून राहिला, आम्पारोला वाटले त्यापेक्षा बराच जास्त वेळ. अंगणातून कपांचा आवाज येत होता.

दोन्या एर्मेलिंदाने त्याच्या खांद्यावर थाप मारली.

"ऊठ आता," ती म्हणाली. "ती माझी जागा आहे."